बाळाची मालकीण

आमच्या नर्सिंगच्या वर्गात रायपुरात राहायचं कुणालाच नव्हतं. कुणी बसमध्ये उभ्या उभ्या जर्मन शब्द घोकायची, कुणी इंग्रजीच्या परीक्षेसाठी कानात इअरफोनची बोंडं घालून फिरायची, आणि एकीनं तर खोलीच्या भिंतीवर कॅनडाचा नकाशा लावला होता. मी दोन्ही भाषा सुरू केल्या आणि दोन्ही अर्धवट सोडल्या. एका जागी बसून एक गोष्ट करणं मला जन्मात जमलेलं नाही. बाबा म्हणायचे, "या पोट्टीच्या पायाले भिंगरी लागली आहे." भिंगरी होती हे खरं, पण ती जागच्या जागीच फिरायची. घर, कॉलेज, वॉर्ड, पुन्हा घर.

अशात उलटंच झालं. मी परदेशी जायच्या आधी परदेशच आमच्या घरी राहायला आला.

ती नेदरलँड्सची. माझ्यासारखीच नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आम्ही ड्युटीला जायचो त्या ट्रस्टच्या दवाखान्यात काही आठवडे स्वयंसेवक म्हणून काम करायला आली होती. तिला घरगुती ठिकाणी ठेवायचं होतं आणि सोबत इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती. प्राचार्य मॅडमनी माझं नाव सुचवलं. मी आधी हरखले आणि दोन दिवसांत वैतागले. तिच्या मागे शेपटासारखं फिरायचं, ती जे विचारेल ते कुणाला तरी विचारायचं आणि मिळेल ते उत्तर तिला सांगायचं. माझं स्वतःचं काम बोंबललं.

ती उंच इतकी, की आमच्या गच्चीच्या दारातून वाकून जावं लागायचं. आणि प्रश्न! गच्चीवरच्या दोरीला बोट लावून विचारलं, ही काळी धूळ कसली? सिलतऱ्याच्या कारखान्यांची, मी म्हटलं. मग तुम्ही तक्रार का करत नाही? कपडे झटकून वाळत घालतो, म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू धूर मीच सोडते आहे. आईचं म्हणणं, "ही पोट्टी खाते कमी अन् विचारते जास्त." तरी रोज तिच्यासाठी सोल्यांची भाजी, पातोडी असं काही ना काही चाललेलं असायचं.

तिची दुसरी खोड म्हणजे खरं बोलणं. आईला सांगितलं, चहात साखर फार आहे. वॉर्डातल्या डॉक्टरांना सगळ्यांसमोर सांगितलं, तुम्ही हात धुतले नाहीत. आणि हे सगळं माझ्या तोंडून जायचं. मी त्याला पाणी घालून घालून पातळ करायची. डॉक्टरांना म्हटलं, "सर, ती विचारतेय की इथं हात धुवायचं बेसिन कुठं आहे." त्या दिवसांत मी भाषांतर कमी आणि सारवासारवच जास्त करत होते.

आमची ड्युटी नवजात बाळांच्या वॉर्डात होती. वेळेआधी झालेली, वजनानं कमी असलेली बाळं. त्यात एक मुलगा होता, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीचा. त्याची आई माझ्याच वयाची असावी. नवरा सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात, राहायला बीरगावात, मूळ गाव अभनपूरकडचं. सोबत तिची सासू. या मुलाच्या आधी तिची तीन मुलं गेली होती. पहिलं बारशानंतर, बाकीची दोघं तर बारसं व्हायच्याही आधी.

ती दर दोन-तीन तासांनी यायची, स्टीलच्या वाटीत दूध काढून सिस्टरच्या हातात द्यायची आणि मान न वळवता बाहेर जाऊन जिन्यावर बसायची. बाळाकडे बघायचीसुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगून पाहिलं. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी कापडानं बांधून ठेवायचं असतं, त्या उबेनं ते दूध पितं, वजन धरतं. आमच्याकडे यंत्रं होती, पण यंत्राची ऊब आणि आईची ऊब एक नव्हे हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असतं. आणि या बाळाचं वजन काही केल्या वाढत नव्हतं. इन्चार्ज सिस्टर तिच्यावर ओरडल्या, "तुम्हारा बच्चा है, तुम नहीं पकड़ोगी तो कौन पकड़ेगा?"

"मोर नोहय," ती म्हणाली. माझा नाही.

एवढंच. रडली नाही, चिडली नाही. भाजीवालीनं 'मेथी नाही' म्हणावं तसं म्हणाली.

पाहुणीनं मला विचारलं, असं का? मी म्हटलं, तीन गेलीत. मग हात धुऊन तिनं काचेच्या पेटीत हात घातला आणि बाळाचं पाऊल मुठीत धरून बसली. दुपारची ड्युटी संपेपर्यंत बसली. मी तेवढ्यात वॉर्डाच्या चार चकरा मारल्या, औषधांची कपाटं लावली, खिडकीतून रस्ता बघून आले. ती जागची हलली नाही. आणि दाराच्या काचेतून बाळाची आजी तिच्याकडे टक लावून बघत होती.

म्हातारीनं काय पाहिलं ते मला नंतर कळलं. तिनं एक बाई पाहिली, जी आपल्या जातीची नाही, गोताची नाही, आपला एक देव तिला माहीत नाही, आणि जी साता समुद्रापलीकडे निघून जाणार आहे. तिच्या कामाला अशीच बाई हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी कॉलेजात परीक्षा होती. पाहुणी एकटीच ड्युटीला गेली. जे झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण झालं ते असं.

म्हातारी वॉर्डाच्या दारात आली. लुगड्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नवं कोरं सूप. पाहुणी पेटीजवळून उठून काय हवं म्हणून दाराशी गेली. म्हातारी तिला म्हणाली, "ए लइका ला तैं बिसा ले नोनी." हे बाळ तू विकत घे, पोरी. पाहुणीला अर्थातच काही कळलं नाही. तेव्हा आमच्या वॉर्डातल्या हौशी आयाबाई मदतीला धावल्या. त्यांना इंग्रजी येतं असा त्यांचा फार जुना समज. त्या म्हणाल्या, "मॅडम, धिस बेबी यू बाय. व्हेरी चीप."

पाहुणी म्हणे आधी हसली. वाटलं, चेष्टा आहे. पण म्हातारीनं तिच्यापुढे हात पसरला, काहीतरी दे म्हणून. आणि म्हातारीच्या मागे बाळाची आई उभी होती, जिनं आजवर त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. ती पाहुणीकडे बघत होती आणि मान हलवत होती. हो, हो, घे. पाहुणी मला नंतर म्हणाली, त्या मान हलवण्यानं ही चेष्टा नाही हे तिला पटलं.

ती तडक इन्चार्ज सिस्टरकडे गेली आणि सांगितलं, की हे लोक मूल विकत आहेत. नुसतं सांगून थांबली नाही, लिहून दिलं.

इन्चार्ज सिस्टर घाबरल्या. परदेशी मुलीनं लिहून दिलंय, बाहेर गेलं तर दवाखान्याची अब्रू जाणार. घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. नियम काढला. बालसंरक्षणवाल्यांना कळवलं, आणि चौकशी होईपर्यंत आई आणि आजी दोघींना वॉर्डाचं दार बंद केलं. दारात गार्ड बसवला.

मी पेपर देऊन पोचले तेव्हा म्हातारी कॉरिडॉरमध्ये ऊर बडवत होती. लोक जमले होते. सून नेहमीच्या पायरीवर बसली होती. पोलकं दुधानं ओलं झालं होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. ती माझ्याशी हिंदीत बोलायची. "दीदी, मैं तो पहले ही बोली थी," ती अगदी शांतपणे म्हणाली, "मेरा नहीं है."

परतीच्या ई-रिक्षात मी पाहुणीशी भांडले. मोडक्या इंग्रजीत माणूस फार वाईट भांडतो, कारण सौम्य शब्द येत नसतात. मी म्हटलं, तुम्ही लोक येता, दोन दिवस बघता आणि आमचा न्याय करता. ती म्हणाली, "ठीक आहे. माझं चुकलं असेल. मग ते काय होतं ते तू मला सांग."

आणि मला सांगता येईना. मला अर्धवट ठाऊक होतं, की खेड्यापाड्यात असं काहीतरी करतात. अडाणीपणा आहे, अंधश्रद्धा आहे, यापलीकडे मी कधी विचारच केला नव्हता. तिला ते समजावून सांगायची मला लाज वाटत होती आणि लाज वाटत होती म्हणून जास्तच राग येत होता. ती पुन्हा म्हणाली, "आम्हाला शिकवलंय, की मुलाबद्दल शंका आली तर त्याच दिवशी सांगायचं. एकट्यानं ठरवायचं नाही." याला तरी मी काय बोलणार? उद्या खरंच कुणी मूल विकायला आलं, तर मीही हेच करायला हवं. ती चुकली असती तर किती सोपं झालं असतं. ती चुकली नव्हती, म्हातारीही चुकली नव्हती, आणि बाळ दाराच्या एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला.

संध्याकाळी मी घरात खाली-वर, खाली-वर करत राहिले. वाळलेले कपडे काढले, पुन्हा झटकले, पुन्हा घडी घातली.

आई म्हणाली, "काहून अशी फिरून राहिली घाण्याच्या बैलावानी? बस न एका जागी."

"मम्मी, तुम नहीं समझोगी."

"मराठीत बोल आधी. मंग पाहू, समजते का नाही समजत."

मी सगळं सांगितलं. पाहुणी वरच्या खोलीत दार लावून बसली होती. मला वाटलं, आई म्हातारीला चार शिव्या घालेल. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा एका सरकारी कार्यालयाच्या हिशेब शाखेतले, देवळातही चप्पल कुठं ठेवली याचीच काळजी करणारे. त्यांनी चष्मा काढला.

"त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "मलेही इकलंच होतं."

"क्या?"

"इकलं होतं. हे पाह्य."

त्यांनी नाकपुडीवर बोट ठेवलं. तिथं एक बारीक खड्डा आहे. लहानपणापासून बघत आले होते मी तो. कांजण्यांचा व्रण, असं मीच कधीतरी ठरवून टाकलं होतं. ते नाक टोचल्याचं भोक होतं, बुजत आलेलं.

आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले, ते क्वार्टरमध्ये राहायचे. बाबांच्या आधी आजीची तीन मुलं गेली होती. बाबा जन्मले तेव्हा शेजारच्या छत्तीसगढी बाईनं सुपात मूठभर कोंडा आणला आणि बाळ विकत घेतलं. मग आजीकडेच सांभाळायला दिलं. वर मुलीसारखं नाक टोचलं, म्हणजे घेऊन जायला येणाऱ्याची फसगत व्हावी.

"आजी मग तुम्हाला काय म्हणायची?"

"शेजारणीचा. 'शेजारणीचा जेवला का?' 'शेजारणीचा झोपला का?' पूर्ण पारा, सारी गल्ली हासे. 'माझा' असं मायनं मले कधी म्हटलं नाही."

"वाईट नाही वाटलं तुम्हाला?"

बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "वाईट कायचं? तिघांले 'माझा' म्हटलं, तिघंही गेले. मले नाही म्हटलं, मी राह्यलो."

मी एका जागी बसले होते. हे मला नंतर लक्षात आलं.

"परत विकत घेतात ना पण?" आईनं विचारलं.

"लग्नाच्या येळेस घ्याचं असते. मायनं नाही घेतलं. भेव वाटे तिले."

सकाळी बाबा अंघोळ करून, कार्यालयाचे कपडे घालून, पाहुणीसमोर येऊन बसले. ती खाली मान घालून पोहे चिवडत होती. बाबांनी घसा खाकरला आणि वरिष्ठांपुढे बोलावं तसं म्हणाले, "मॅडम, आय वॉज सोल्ड." मग नाक पुढे केलं.

ती दचकली. मला आधी हसू आवरेना आणि मग डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी उगीच पाणी आणायला उठले. बाबांचं इंग्रजी कोंड्यापर्यंत येऊन अडलं. मग मी बसले आणि सांगत गेले. या वेळी काही पातळ केलं नाही. ती ऐकत होती, आणि शेवटी तिनं विचारलंच, जे आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नाही.

"तुमच्या आईचं तुमच्यावर प्रेम होतं?"

मी बाबांकडे न बघता मराठीत विचारलं. बाबा म्हणाले, "तिले सांग, अंघोळ घाले तं घासून घासून कातडं काढे माह्यं. म्हणे, दुसऱ्याची वस्तू आहे, मळकी नको दिसाले."

पाहुणीनं चमचा खाली ठेवला. तिनं बाबांच्या नाकाकडे पाहिलं. मग विचारलं, तुमचा यावर विश्वास आहे? बाबा म्हणाले, "इस्वास नाही. पण तीन लेकरं पुरून आल्यावर माणसानं काय करावं, हे मले विचारू नको."

बालसंरक्षणच्या बाई त्याच दुपारी आल्या. इन्चार्ज सिस्टरांच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. म्हातारी काय बोलेल याचा भरवसा नव्हता. मी तिला हळूच म्हटलं होतं, "अम्मा, सोच के बोलना." पण बाईंनी छत्तीसगढीतच विचारलं, मूल विकत होतीस का? आणि म्हातारी ताठ बसून म्हणाली, "हव. बेचत रहेंव." हो, विकत होते.

इन्चार्ज सिस्टरांनी कपाळाला हात लावला.

"काबर?" बाईंनी विचारलं. कशासाठी?

"बचाय बर." वाचवायला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या इकडच्याच असाव्यात. सुनेकडे पाहून त्यांनी विचारलं, किती गेली? सुनेनं बोटं दाखवली. तरी त्या म्हणाल्या की कागद करावा लागेल, बीरगावच्या घरी कुणीतरी येऊन बघून जाईल, एकदा नाही, पुन्हा पुन्हा येईल. बरोबरच होतं. पाहुणीला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की तिनं पाहिलं ते खरं, पण त्याचा अर्थ तिला माहीत नव्हता. आणि वर म्हणाली, "पुन्हा असं दिसलं तर मी पुन्हा कळवेन." मी मनातल्या मनात तिचा गळा धरला, पण जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी मान डोलावली, जणू हे त्यांना आवडलं.

वॉर्डाचं दार उघडलं. गार्ड बाजूला झाला. आम्ही सगळे बाळाच्या आईकडे बघत होतो. ती पायरीवरून उठली, दारापर्यंत आली आणि परत फिरली.

मी तिच्या मागे धावले. "अब तो जाने दे रहे हैं! जाओ ना!"

"सौदा तो हुआ नहीं," ती म्हणाली. "किसी ने लिया ही नहीं उसको."

तेव्हा मला कळलं की दार उघडून आम्ही काहीच उघडलं नव्हतं. आधी निदान ते तिचं नव्हतं. आता ते कुणाचंच नव्हतं. तिनं वाटीत दूध काढून दिलं, तेही पूर्वीपेक्षा कमी, आणि जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन केलं तर बाळ आणखी उतरलेलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसते पेटीजवळ जास्त वेळ थांबले. वॉर्डात डॉक्टर बोलायचे थांबले की मला पळून जावंसं वाटतं.

पाहुणी इन्चार्ज सिस्टरांसमोर जाऊन उभी राहिली. "मला ते बाळ विकत घ्यायचं आहे."

"माझ्या वॉर्डात नाही!" सिस्टर कडाडल्या. "काल एवढं रामायण झालं, आता सूप आत आणणार? बाहेरची एक काडी आत येणार नाही."

"सूप नको," पाहुणी म्हणाली. "मलाही नको. ते निर्जंतुक नाही." तिनं बोट दाखवलं. टेबलावर वजनाचा काटा होता, त्याचं ते वाटोळं पात्र, ज्यात रोज बाळांना निजवतात.

सिस्टरनी काट्याकडे पाहिलं, मग पाहुणीकडे. मग स्टेथोस्कोप गळ्यातून काढून ठेवत म्हणाल्या, "मी चहाला जातेय. वजन काय, रोजच होतं." आणि खरंच गेल्या.

म्हातारीला हात धुवायला लावले, गाऊन घातला. काटा पाहून तिला सूप नसल्याचं वाईट वाटायचं सोडून आनंदच झाला. माल तोलून विकायचा, यापेक्षा पक्का सौदा कोणता? तिनं स्वतः बाळाला पात्रात ठेवलं. त्यानं थंड वाटून हातपाय झाडले. पाहुणीनं खिशातून नोट काढली तर म्हातारी जवळजवळ ओरडलीच. महाग घेतलं तर उपयोग काय? बाळ कवडीमोल हवं, कुणाची नजर जाऊ नये असं. म्हणजे आमच्या आयाबाईंचं 'चीप' अगदी अचूक होतं! पाहुणीनं खिसे चाचपले. देण्यासारखं फुकटचं तिच्याजवळ काही नव्हतं. शेवटी तिनं वेणी सोडली आणि केसांचं काळं रबर काढून म्हातारीच्या हातावर ठेवलं. त्यात दोन-तीन पिवळे केस अडकलेले. म्हातारीनं ते कमरेच्या पिशवीत टाकलं, गाठ मारली.

मग पाहुणीनं बाळाला उचललं. आपलं झालेलं बाळ घेऊन ती दारापाशी उभ्या असलेल्या म्हातारीच्या सुनेजवळ गेली आणि दोन्ही हात पुढे केले. मला काही सांगावं लागलं नाही.

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. सासूला म्हणाली, "पर के लइका ए. बने जतन के राखे ला परही." परक्याचं लेकरू आहे, नीट जपून ठेवावं लागेल. आणि खुर्चीत बसून तिनं आपल्या हातानं पोलक्याची बटणं सोडली. मी दोघांभोवती कापड गुंडाळत होते. त्याचा गाल तिच्या छातीला लागला आणि तिनं एवढ्या जोरात श्वास घेतला, की शेजारच्या पेटीवरची सिस्टर वळून बघायला लागली.

त्यानंतर ती उठायचंच नाव घेईना. जेवायला जा म्हटलं तर म्हणायची, "उस दीदी का लड़का है, कुछ हो गया तो क्या मुँह दिखाऊँगी?" बाळ पेटीतून बाहेर आलं. वजन धरलं. दोघं घरी गेली, तपासणीला येऊ लागली. पाहुणीचे आठवडेही संपत आले.

ती निघायची त्या दिवशी म्हातारी आणि सून मुद्दाम बीरगावहून आल्या. कॉरिडॉरमध्ये भेट झाली. बाळाच्या कपाळाला एवढी मोठी तीट लावलेली. पाहुणीनं त्याचं पाऊल धरलं, पहिल्या दिवशी धरलं होतं तसंच. मग ती सरळ उभी राहिली आणि हिंदीत बोलू लागली. तिनं ते मला न सांगता फोनवरून पाठ केलं होतं, सगळ्यांना चकित करायला. एकेक शब्द सुटा सुटा, स्वच्छ.

"ये बच्चा आपका है. आप इसकी माँ हैं."

सुनेच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. बाळाभोवतीचे तिचे हात सैल झाले. मला ते दिसलं, पाहुणीलाही दिसलं. म्हातारी भिंतीला टेकली.

जी बाई माझ्या आईचा चहा फार गोड आहे म्हणून तोंडावर सांगायची, तिनं त्या सैल हातांकडे पाहिलं.

"नहीं," ती म्हणाली. "मेरा." आवाज फुटत होता म्हणून ती मोठ्यानं बोलली, कॉरिडॉरमधली माणसं थांबून बघू लागली. "मेरा लड़का है. अच्छे से रखना."

"हव दीदी," सून म्हणाली. "आपका ही है." आणि पदराआड घेऊन तिनं त्याला असं आवळलं, की ते रडायला लागलं.

जिन्यापर्यंत पाहुणी ताठ चालली. सुनेच्या नेहमीच्या पायरीवर येऊन बसली आणि डोळे पुसत मला विचारलं, हे तिला किती दिवस म्हणावं लागेल?

मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होतात. त्यांना अजून कुणी परत घेतलेलं नाही."